माप

दांडिया बाजार, जिन्यावरची खोली.
तीस वर्षं बायकांच्या छातीची मापं
वहीत लिहितेय.
स्वतःचं कधी घेतलं नव्हतं.

नवरात्राच्या घाईत, हंसाबेनच्या चोळीला हुक लावताना
काखेजवळ खाजवलं, बोट अडलं.
वाटाण्याएवढं. दुखत नव्हतं,
म्हणून दिवाळीपर्यंत थांबणार होते.

पण दोऱ्यात गाठ आली की
मी ओढत नाही, मशीन थांबवते.
पायडलवरचा पाय काढला,
दवाखान्याची रिक्षा धरली.

आता माझ्या ब्लाउजला, डावीकडे,
अस्तराखाली कापसाची घडी असते.
टेप गळ्यात टाकून प्रत्येकीला विचारते:
बाही किती, गळा किती,
आणि आंघोळ करताना
हात फिरवून बघतेस का?

हंसाबेन लाजून हसली.
मग पडदा ओढला तिनं,
बराच वेळ बाहेर आली नाही.