क्रेटवरून उडी

शिमगा सरला की सामने. त्याआधी मी पोरींना
मासळीच्या निळ्या क्रेटवर उभं करते.
उडी मार. दोन्ही पायांवर उतर. थांब.
फोन माडाच्या बुंध्याला टेकवलेला,
संथ चालणाऱ्या चित्रात गुडघ्यांना खोटं बोलता येत नाही.

"बाई, सर्कशीत घालताय काय आम्हाला?"
नाझनीन मुकादम हसते, उडते,
कौलावरून मांजर उतरावी तशी उतरते.
वहीत तिच्यापुढे बरोबरची खूण.

मग हर्षाली पावसे.
जिच्या चढाईला अख्खी बुरोंडी शिट्ट्या मारते.
उतरताना डावा गुडघा आत वळला.
थोडासाच.
पुन्हा उडी. पुन्हा आत.
एका पायावर बस म्हटलं तर कंबर कलली,
ओहोटीला चिखलात होडी कलते तशी.

"दुखतं का गं?"
"छे. कुठं काय."

मीही हेच म्हणाले होते, एकोणिसाव्या वर्षी,
मुरुडच्या मैदानावर, आदल्या संध्याकाळी.
दुसऱ्या दिवशी तो आवाज आला.
लोक म्हणतात काठी मोडल्यासारखा येतो. तसा नव्हता.
आत कुणी बोट मोडावं इतका बारीक,
पण पकड करणारीलाही ऐकू आला,
तिनं घाबरून हात सोडले.
मी सरपटत रेघेला शिवले. गुण मिळाला.
तो गुण आता कुठे आहे कुणास ठाऊक.
गुडघा आहे. जेटीच्या पायऱ्या उतरताना बोलतो.

माझा बाप होड्यांचा सुतार.
नारळी पुनवेआधी एकेका फळीवर
बोटाच्या पेरांनी टकटक करायचा, कान लावून.
धड लाकूड भरीव वाजतं, किडलेलं पोकळ.
तांडेल वैतागायचा, "पानी तर येत नाय ना आत!"
"येईल तवा तू किनाऱ्यावर नसशील," बाबा म्हणायचे,
आणि फटीत कापूस ठासत राहायचे.
किती होड्या वाजवून पाहिल्या त्यांनी.
मला कुणी वाजवून पाहिलं नाही.
त्यांनीही नाही.

हर्षालीला मी सहा आठवडे बसवलं.
सामना दोन गुणांनी गेला.
तिचा काका चहाच्या टपरीवर मला ऐकू जाईल असं बोलला,
"न मोडलेल्या हाडाला पलास्तर घालते ही बाई."
माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.
खेळली असती तर कदाचित काहीच झालं नसतं.
न बुडालेल्या होड्या कोण मोजतं?
मी काही भविष्य सांगत नाही.
फळी पोकळ वाजली, एवढंच सांगते.

पहाटे पुळणीवर ती माझ्याशी बोलत नाही.
गुडघ्यांभोवती सायकलची ट्यूब घालून
कुर्लीसारखी आडवी चालते,
रागारागानं मोजते, अठरा, एकोणीस,
वीस म्हणताना वाळू उडवते माझ्याकडे.

आज मला उशीर झाला.
पोचले तर क्रेट आधीच पालथा घातलेला,
वर ती, केस घट्ट बांधून,
समुद्राकडे बघत.
"फोन लावा," म्हणाली.