साडेबाराशे व्होल्ट, एक मिनिट

सुपडूशेठचा टेम्पो भुसावळहून आला तेव्हा
बाहेर पंचेचाळीस होतं
आणि आमच्या लॅबमध्ये, नियमाप्रमाणे, सत्तावीस.
बारा कूलर. पत्र्याला रंगाचा ओला वास,
वाळ्याच्या ताट्या कोऱ्या,
आणि प्रत्येकाच्या कपाळावर आधीच चिकटवलेला
हसरा पेंग्विन.

मी पेंग्विनकडे बघत नाही.
मी स्क्रू बघते. हिरवी वायर बघते,
ती पत्र्याला धरून आहे
की रंगावर नुसतीच टेकलीय.
रंगावर टेकलेली वायर म्हणजे
लग्नाच्या फोटोतला लांबचा मामा :
दिसतो, कामाला येत नाही.

आधी मेगर.
त्याच्या चकतीवर एका टोकाला
इंग्रजी आठ आडवा निजलाय.
त्याला अनंत म्हणतात.
कीर्तनात ऐकला होता हा शब्द लहानपणी,
आता काटा तिथवर पोचला नाही
तर मी माल परत पाठवते.

मग पाणी.
टाकी काठोकाठ, आणि वर आणखी तांब्याभर,
कारण घरातली पोरं तशीच भरतात,
एक डोळा टीव्हीवर ठेवून.

आणि मग ते मिनिट.
साडेबाराशे व्होल्ट.
युनूस चहाचा कप खाली ठेवतो.
साठ सेकंद किती लांब असतात
हे परीक्षा हॉलमधल्या पोराला विचारा,
नाहीतर मला.

सातवा कूलर एकेचाळिसाव्या सेकंदाला बोलला.
चट्.
एक बारीक निळा शब्द, पंपाच्या वायरपाशी,
जिथं पत्र्याच्या धारेवर ती घासत होती.
भोकात रबरी बुश नव्हता.
बुश दीड रुपयाचा.

"एकच तं हाये बारातला," सुपडूशेठ म्हणाले,
"आखाजी तोंडावर आली. पोरी येतीन माहेरी.
मानसं भाजून रायले तिकडे, बाई,
आन् तू एका चट् साठी..."
मी बाकीचे अकरा उघडले.
एकातही बुश नव्हता.

मी त्यांना कलम तेरा दाखवलं, सोळा दाखवलं,
सत्तावीस तर वाचूनच दाखवलं.
जे दाखवलं नाही ते ड्रॉवरमध्ये असतं,
घडी घातलेलं वर्तमानपत्राचं चिटोरं :
आठ वर्षं. ओले पाय. हातात स्टीलची कळशी.
तिच्यासाठी वेगळं कलम नाही.
सगळी कलमं तिच्या उंचीची आहेत
असं मला वाटतं, पण हे रिपोर्टात लिहीत नाहीत.
रिपोर्टात लिहितात : नापास.

तिसऱ्या दिवशी टेम्पो पुन्हा आला.
बारा बुश, बारा वायरी पत्र्याला घट्ट धरून,
खाली खरवडलेला रंग.
काटा आडव्या आठापर्यंत गेला, बारा वेळा.
मिनिटं गेली, काही न बोलता.
मी सही केली, शिक्का मारला.
"आता तं भरोसा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, शेठ, माझी सही प्लगपर्यंत.
तिथून पुढे भिंत. भिंतीत तिसरं भोक,
ज्यात काही घरांत काडेपेटीची काडी खुपसलेली असते.
भिंतीमागे खड्डा, त्यात तांब्याची पट्टी,
मीठ, कोळसा, आणि आपली काळी माती.
ती वैशाखात इतकी तडकते
की भेगेत मनगटापर्यंत हात जातो.
केळीला आपण थेंब थेंब मोजून पाणी देतो.
त्या खड्ड्याला कुणी देतं?
कोरडी माती वीज पोटात घेत नाही.
परत पाठवते. पत्र्याकडे.

ते काही बोलले नाहीत.
टेम्पोला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली, गेले.

रात्री साडेनऊला फोन.
मागे बादलीचा आवाज.
"बाई, किती टाकू?"
दोन बादल्या. सावकाश, मुरू द्या.
"मीठ?"
मूठभर चालेल.
बराच वेळ नुसतं पाणी ऐकू येत राहिलं.
मग ते हसले बहुतेक :
"शेजारीन गॅलरीतून इचारू रायली,
झाड नाही, झुडूप नाही,
पानी कोनाले घालता, भो?"