गिरमिट

नंदगडात, हुंदऱ्यांच्या खताच्या दुकानावर
वरच्या खोलीची जमीन आज संपवायची.
खाली पोती. वर त्यांच्या सुनेची
तीन शिलाई मशीनं येणार.

कड्या जुन्याच ठेवल्यात, ऐनाच्या.
बडिगेरमामा ऐनाला मत्ती म्हणायचे,
आणि मत्तीवर जबरदस्ती चालत नाही गा, म्हणायचे,
आधी विचारायचं.

विचारायचं म्हणजे भोक पाडायचं,
स्क्रूच्या अंगापेक्षा बारीक,
आट्यांना धरायला लाकूड उरेल इतपत.
ड्रिलच्या टोकावर लाल चिकटपट्टी:
इथवर खोल, पुढे नाही.

प्लाय पसरली की कडी दिसत नाही.
निळीचं सूत ताणून टण्‌कन सोडायचं,
मग त्या रेघेवर विश्वास ठेवून गुडघ्यावर बसायचं.
दोन शीटांत एका खिळ्याची फट;
पावसाळ्यात प्लायही जरा अंग सोडते.

पहिल्या वर्षी मी एक भोक चुकवलं होतं.
चुकवलं कसलं, कंटाळलो होतो.
भिंतीपासून दोन बोटांवर, कडीच्या अगदी टोकाला
सरळ स्क्रू घातला
आणि आत कुठंतरी चर्र झालं.

मामांनी चीर बघितली. अंगठा फिरवला तिच्यावरून.
म्हणाले, जा, गिरमिट आण.

मी धावत स्टँडवर गेलो
आणि आणलं की, कागदात, दोघांपुरतं:
चुरमुरे, कांदा, वर तळलेली मिरची.

माझ्यासाठी बिचारे मराठीत बोलले होते
आणि मला ऐकू आलं ते कानडीतलं.

हसता हसता त्यांना ठसका लागला.
कड्यांवर पाय सोडून आम्ही सगळं खाल्लं.
मग त्यांनी पिशवीतून काढलं
वडिलांच्या वेळचं, लोखंडी, मूठ झिजलेलं,
आणि हातानं अकरा भोकं पाडून घेतली माझ्याकडून.
निधान, तम्मा, निधान.
तपकिरी भुसा वळवळत वर येत होता.
तळहाताचा फोड आठवडाभर राहिला.

आता बॅटरीचं ड्रिल आहे, दिवसाला दीडशे भोकं.
सून अनवाणी फिरून बघतेय,
मध्येच टाच आपटते, कान देते.
करकर नाही कुठं.
फक्त खिडकीखालचा कोपरा राहिलाय,
तिथं ड्रिलचं डोकं शिरत नाही.

नव्या पोराला म्हणालो, गिरमिट आण जा.

तो उठला
आणि चपला शोधू लागला.

मी काही बोललो नाही.
भूकही लागलीच होती.