अडीच घरं

लैथ मोसुलहून कामाला बसतो
तेव्हा माझा कुकर उतरलेला असतो.
त्याचे नऊ, माझे साडेअकरा.
"तुम्ही अडीच तास पुढे," तो म्हणतो,
"तरी फोन उशिराच उचलता."

मराठी त्याची कोंढव्यातली.
चार वर्षं कॉलेज, वर एक वर्ष एटीकेटी,
शिकला ती मेसवाल्या सरोदेकाकूंच्या ओट्यापाशी;
म्हणून अजूनही "आलेच हं" म्हणतो,
"जेवले मी", "थांबते".
मी सुधारत नाही.

काम साधं आहे.
मोशीतल्या सतरा मजल्यांत पाणी चढवायचं,
वापरलेलं उतरवायचं.
निळी रेघ गार, तांबडी गरम,
तपकिरी खाली जाणारी.
ज्या गॅलरीत तो कधी उभा राहणार नाही
तिच्या फरशीला उतार देतो, शंभराला एक.
पाणी साचू नये, म्हणतो,
बाकी कुणी का राहीना.

वीज तो गल्लीतल्या जनरेटरवाल्याकडून घेतो
अँपिअरच्या हिशेबाने,
आपण पावशेर मिरच्या घ्याव्यात तशी.
महिनाअखेरीला कॅमेरा बंद, पंखा बंद,
नुसता आवाज.
त्या आवाजामागे टक टक टक,
कुणीतरी जुन्या विटांचा चुना खरवडतंय,
तीच वीट पुन्हा लावायला.

एकदा विचारलं,
तुमच्या गल्लीत घरं किती राहिली?
फाइल चढेपर्यंतच्या रिकाम्या वेळात
विचारू नये ते विचारलं जातं.
"अडीच," तो म्हणाला.
"दोन पूर्ण. अर्धं आमचं.
जिना आहे, वरचा मजला नाही.
मी जिन्यातच बसते. रेंज तिथे चांगली."

मला काही सुचेना, म्हणून सांगितलं,
बुद्धिबळातला घोडा अडीच घरं जातो आमच्याकडे,
मधे कुणीही असो, त्याच्यावरून.
तो इतका वेळ गप्प
की मला वाटलं नेट गेलं.

मग मार्चमध्ये आमची सोसायटी पाडायला घेतली.
बिबवेवाडी, चार मजले, लिफ्ट नाही.
तीन वर्षं सभा, चटईक्षेत्रावरून भांडणं,
गाडेकरांचा राजीनामा दोनदा,
शेवटी सह्या. पेढे.
मी समोरच्याच इमारतीत भाड्याने,
आमचं स्वयंपाकघर खिडकीतून दिसायचं,
बिनदाराचं.

पहिला ब्रेकर बसला तो नेमका कॉल चालू असताना.
हात माइककडे गेला, पण उशिरा.

"काय पडतंय?"
आवाज एकदम खाली. तो उठून उभा राहिला होता,
एवढं ऐकू आलं.

"काही नाही रे. आमची बिल्डिंग. आम्हीच पाडतोय."
वाक्य तोंडातून निघालं आणि तसंच लोंबकळत राहिलं.
"मोठी बांधायला," मी घाईने जोडलं.

"माणसं?"
"बाहेर. सगळी. कुंड्यांसकट."
"नकाशा आधी काढलाय?"
"मंजूरसुद्धा झालाय."
"मग ठीक," तो म्हणाला.
आणि जरा वेळाने,
"जिना शेवटी पाडा म्हणावं."

दुपारी ब्रेकर जेवायला थांबला.
आम्ही सातव्या मजल्याचं ड्रेनेज उघडलं.
एका न्हाणीघरात उतार उलटा पडला होता,
पाणी दाराकडे.
चूक माझी होती.
तो काही बोलला नाही,
रेघ पुसून सरळ केली.