अकरा बरोबर, नऊ चूक

तोर्स्तीने नाव विकून तार घेतली.
अंगठ्याएवढी जाड, वर विणलेलं काळं कवच,
दोन्ही टोकांना सोनं.
तिच्यापुढे स्पीकर अगदी बापडे दिसत होते.
नाकापेक्षा मोती जड, मी म्हटलं.
तो म्हणाला, राइली, आधी ऐक तर.

मी ऐकत नाही. मोजते.
कुओपिओच्या रेडिओ केंद्रात एकतीस वर्षं
तारा कापल्या, डाख लावले, गुंडाळल्या.
तीन मीटर तांब्याचं चरित्र
माझ्या मते पोस्टकार्डावर मावतं.

शनिवारी उपकरणांची पेटी घेऊन गेले.
तळं अजून गोठलेलं, नावेच्या जागी
बर्फात नुसता लांबट खळगा.
आधी नवी तार जोडली, मग जुनी,
दुकानात मापाने कापून देतात तसली, राखाडी.
पडद्यावर दोघींच्या रेघा
एकमेकींवर अशा बसल्या
की मी चष्मा पुसला.
दशांशचिन्हापुढे चौथ्या घरात काहीतरी हललं,
ते बहुधा माझं कोपर टेबलाला लागून.

मग चादर टांगली. तो खुर्चीत, मी चादरीमागे,
वीस वेळा कधी ही, कधी ती.
तो डोळे मिटून सांगत गेला:
नवी. नवी. जुनी. थांब... नवी.
मी काड्यापेटीच्या काड्या मांडत गेले.
अकरा बरोबर, नऊ चूक.
नाणं उडवलं असतं
तरी एवढं त्यालाही जमलं असतं.

मला वाटलं चिडेल.
तो म्हणाला, मग खुर्चीचं काय?
कुठली खुर्ची?
चेलोवाल्याची. गज टेकण्याआधी करकरते.
आणि तो श्वास घेतो, नाकातून, सर्दी झाल्यासारखा.
ही तबकडी माझ्याकडे सव्वीस वर्षं आहे, राइली.
खुर्ची मला ह्या फेब्रुवारीत ऐकू आली,
तार आली त्या आठवड्यात.

जुन्या तारेवर लावून बघितलं.
करकरली.

मग मला एकच काम येतं ते केलं.
तबकडी थांबवली, माइक उभा केला
आणि रिकामी खोली मोजली.
एकवीस डेसिबेल.
वहीची पानं मागे उलटली.
ऑक्टोबरात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायला आले होते,
तेव्हाची ह्याच खोलीची नोंद: अडतीस.
समोर माझ्याच अक्षरात,
"बाजूच्या खोलीत यंत्र चालू."

अहतीचं यंत्र.
भावाच्या नाकाशी प्राणवायू नेणारं,
दिवसरात्र घुरघुरणारं, मध्येच फुस्स करणारं.
नऊ फेब्रुवारीला इस्पितळाची गाडी आली
आणि ते घेऊन गेली. आता त्याची गरज नव्हती.
दहाला पार्सल आलं.

सतरा डेसिबेल.
जगातल्या कुठल्याही तारेने
एवढा फरक पडत नाही.

मी वही मिटली.
मोजलेलं लपवू नये, हे नव्या पोरांना मीच शिकवायचे,
आणि सांगायला तोंड उघडलंही होतं,
पण तो कॉफी ओतत होता, दोनच कप,
तिसरा फडताळातून काढून
पुन्हा आत ठेवताना मी पाहिला.

कुठली जोडून ठेवू? मी विचारलं.
नवीच राहू दे, तो म्हणाला,
नाव काही परत येणार नाही.

जुनी मी गुंडाळली, रेडिओत शिकवतात तशी,
एक वेढा वरून, एक खालून,
म्हणजे सोडवताना पीळ राहत नाही.
तोर्स्तीने सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली,
आणि खुर्ची करकरायच्या आत
मधल्या दाराकडे बघून
ओठांवर बोट ठेवलं,
सवयीने.