मोकळीच तर आहेस

शनिवारी दीडला लॅब बंद होते.
सात रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवतं,
थांब की जरा, म्हटल्यासारखं.
फोनवर तीन निरोप, तिन्हींचं तोंड सारखंच:
लावण्या, तू मोकळीच तर आहेस.

म्हणून ज्योतीवदिनाचा ब्लाउज नव्या पेठेतून आणायचा,
टेलर जेवून झोपलेला, चारशिवाय उठत नाही.
म्हणून मामाचं टॉवेलांचं गाठोडं कुरिअरला द्यायचं,
त्याचा पोरगा बायकोला घेऊन महाबळेश्वरला गेलाय,
थंडीला.
आणि घरमालकीण कलशेट्टीकाकू अक्कलकोटला लग्नात,
पाणी सोडणारा वेळ सांगत नाही,
तेवढी टाकी भरून ठेव गं माय.

स्कार्फमधून डोळे तेवढे उघडे ठेवून मी निघते.
सराफाच्या पाटीवर सोन्याचा भाव, त्याखाली चव्वेचाळीस अंश.
दोन्ही कालच्यापेक्षा वर.
अशोक चौकाच्या मागे मामाचा कारखाना.
माग बोलत असतात तेव्हा माणसांना ओठांवरून ऐकावं लागतं.
मामाच्या भुवयांत कापसाचा भुरका,
त्याचे ओठ म्हणतात: हैदराबादचा मुलगा आहे, फोटो बघ तरी.
मी कानाला हात लावून हसते, ऐकू येत नाही म्हणून.
याच खटखटीत ओठ वाचत मी लहानाची मोठी झाले,
हे त्याला माहीत आहे.
गाठोडं स्कूटीवर बसतं, मी उरलेल्या जागेवर.

रात्री होटगी रोडला शबानाच्या निरोपाचं जेवण.
तीन जोडपी आणि मी.
सातवी खुर्ची शेजारच्या टेबलाची, एक पाय आखूड.
कडक भाकरी मोडल्याचे आवाज, शेंगाचटणी,
काय बे, एसीचं पाणी अंगावर पडू लालंय, असं कुणीतरी.
बिल जोडप्यामागे वाटलं
आणि मग माझ्याकडे बघून सगळे क्षणभर गणितात शिरले.
विनायकचं बाळ माझ्याकडे दिलेलं, कारण बाकीच्यांचे हात जेवणात.
मी डावीकडून जेवले, उजवीकडून थोपटलं.
कॉलरवर त्याची लाळ घेऊन घरी आले.
वाईट नव्हती. गार होती.

चार वीसला नळ खोकला.
आधी वारा, मग तांबूस, मग पाणी.
टाकी, दोन पिंपं, सहा कळश्या, कुकर,
फुलदाणीसुद्धा, नाहीतरी तिच्यात फूल नसतंच.
साडेसहाला गेलं. पुढचं शुक्रवारी.
कूलरचं गवत बदललं, बोटांत काड्या घुसल्या.
रेल्वे लाइन्समधल्या आजोबांचं रक्त घ्यायला गेले,
शीर सापडेना.
सावकाश घे, म्हणाले, मला कुठं जायचंय.
दोन दिवसांत असं बोललेले ते एकटेच.

दोन वाजता अम्माचा फोन: तिन्नावा?
तिन्नानम्मा, जेवले.
खोटं.
फोन खाटेवर टाकून गच्चीत गेले
आणि शुक्रवारपर्यंतच्या पाण्यातली एक अख्खी बादली
कपड्यांसकट डोक्यावर ओतली.
फरशी चुर्र म्हणाली.
गल्लीतल्या कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, माजलीय पोरगी.
असेन.

मे महिन्यात सोलापुरात केस वाळायला
सात मिनिटं लागतात.
खाली फोन वाजत होता. वाजू दिला.
मीठ धरलेल्या कठड्यावर बसून मी काहीच केलं नाही,
अगदी मन लावून.

आठव्या मिनिटाला उतरले.
ज्योतीवदिना: अगं, ब्लाउज दंडात घट्ट होतोय बघ,
टेलर आत्ता उठला असेल का?

चारला, मी म्हटलं.
चारशिवाय नाही उठत तो.