साडेसात

साडेसात म्हटल्यावर तिच्या सासूने
आधी शनीचं नाव घेतलं.
म्हटलं, साडेसाती नव्हे काकी, साडेसात. रक्त.
अकरा तरी पाहिजे होतं.
काकी म्हणाली, साडेतीनाचाच फरक ना,
एवढं तर आम्ही गिऱ्हाइकाला सोडतो.

संचिता डोर्लेकर, वय चोवीस, चौथा महिना सरत आलेला.
पूर्णगडच्या खाडीत ओहोटीला उतरते,
गुडघाभर चिखलात बोटांनी चाचपून मुळे काढते,
दुपारी पावसच्या नाक्यावर वाट्याने विकते.
सगळे विकते.
पोटुशीला गरम पडतात म्हणे.
लोखंड तिच्या पाटीतून दुसऱ्यांच्या रश्शात जातं
आणि मी तिच्याच दारात
लोखंडाची पट्टी घेऊन उभी.

खालची पापणी बोटाने ओढून बघितली.
आतलं अस्तर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं,
पांढरं, थोडं चमकतं.
सुंदर दिसलं, त्याचीच भीती वाटली.

गोळ्या लाल, रोज दोन.
सिस्टर समजावतात, नुसत्या लोखंडाने भागत नाही गो,
खिळ्यांचं पोतं ओतलं म्हणून होडी होत नाही,
फळ्या बेतणारा सुतार लागतो,
तो यातला फोलिक. नवं रक्त तो बेततो.
पाल्यात असतो, टाकळ्यात, शेवग्यात,
भाजी उकडून पाणी फेकलं की त्याच्याबरोबर जातो.
संचिता म्हणाली, आमच्यात फेकतातच.

महिन्याने पट्ट्या मोजल्या. सगळ्या रिकाम्या.
रक्त: सात पॉइंट चार.
मी वहीकडे बघितलं, मग परसाकडे.
तिथे तिची तलंग
तुरा असा लालभडक मिरवत होती
की मी बोट तिकडेच केलं.
सगळ्या तिला घातल्यास?
सगळ्या नाय. सोमवारच्या मी खाल्ल्या.
दोघी इतक्या हसलो की काकी बाहेर आली
आणि आम्ही गप्प,
फळ्यावर काहीतरी लिहून बसलेल्या पोरींसारख्या.

मग हळूच बोलली ती.
सकाळी काळं पडतं, वाटलं आत काय जळतंय.
आणि तोंडाला दिवसभर
गंजलेल्या नांगराची चव.
काळं पडायचंच, म्हटलं, ते जळणं नव्हे,
न जिरलेलं लोखंड आहे.
चवीबद्दल काही बोलले नाही.
ती चव मला ठाऊक आहे.
माझं नऊ पॉइंट दोन,
आणि आमच्या वहीत
वही धरणाऱ्या बाईचा रकाना नसतो.

नऊ वाजता घे, असं सांगून उपयोग नव्हता.
खाडीवर जगणारीचा दिवस
रोज पाऊण तासाने पुढे सरकतो,
आज नऊला चिखलात, उद्या पावणेदहाला.
मग ठरवलं, घड्याळ नको, पाय धरू.
चिखलातून वर आलीस, पाय धुतलेस, की एक.
कोकमाच्या पाण्याबरोबर. चहा तासाभराने.
दुसरी निजताना.
काकी म्हणाली, चहाने गोळीचं काय घोडं मारलंय?
म्हटलं, लोखंड अडवतो.
तर बोलली, आमच्या ह्यांचा पण अडवतो, कामाला जायला.

पुढच्या खेपेला ती धक्क्याजवळच भेटली,
पाटी उतरवलेली, पाय ओले.
पिशवीतून बाटली काढली, दोन पेले काढले.
दोन कशाला?
पापणी दाखवा बघू तुमची, म्हणाली,
आणि चिखलाचा वास असलेलं बोट
माझ्या डोळ्याखाली टेकवलंन.

काही बोलली नाही. पट्टी पुढे केली.

आठ पॉइंट तीन आहे आता तिचं.
काकी विचारते, सुटली का साडेसाती?
सुटत नाही काकी, सरते,
अजून बरेच महिने आहेत.
निघताना परसात नजर गेली.
तलंग शिंपल्याचा चुरा टिपत होती,
दोन महिने एक गोळी नाही तिला,
आणि तुरा तसाच, लालभडक.